चष्मेवाल्या कवीचा खजिना

'राजा दिनकर केळकर संग्रहालय' हे नाव कानावर पडलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर फेटा बांधलेला कुणी संस्थानिक उभा राहतो. दिनकरराव नावाचा राजा, त्याचा वाडा, त्याच्या पूर्वजांच्या तलवारी वगैरे वगैरे. प्रत्यक्षात दिनकर गंगाधर केळकर हे पुण्यातले साधे मध्यमवर्गीय गृहस्थ होते. पोटापाण्याचा धंदा चष्म्याच्या दुकानाचा, आणि नाद कवितेचा. मग नावातला 'राजा' कोण? राजा हा त्यांचा मुलगा. तो वयाच्या सातव्या वर्षी गेला. ज्या घरात तो खेळला असता, मोठा झाला असता, ते घर बापाने वीस हजारांवर जुन्या वस्तूंनी भरून टाकलं आणि त्यावर मुलाचं नाव लावलं. पुण्याच्या बाजीराव रोडला लागून, शुक्रवार पेठेत नातूबागेजवळ हे संग्रहालय आहे. आपल्यातली बरीच मुलं इंटर्नशिपला नाहीतर नोकरीच्या इंटरव्ह्यूला पुण्याला जातात, शनिवारवाडा बघतात, मिसळ खातात आणि परत येतात. तिथून हे ठिकाण फार लांब नाही, म्हणून पत्ताच आधी सांगून टाकला.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. मृत्यू १७ एप्रिल १९९०. म्हणजे चौऱ्याण्णव वर्षांचं आयुष्य, आणि त्यातली जवळजवळ सत्तर वर्षं एकाच छंदात गेली. कविता ते 'अज्ञातवासी' या टोपणनावाने लिहीत. इतिहासाचं वेड होतं, जुन्या वाड्यांमधून हिंडायची हौस होती. १९२० च्या आसपास, म्हणजे वयाच्या पंचविशीत, त्यांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली.

आता १९२० साल का महत्त्वाचं ते बघा. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. त्याला शंभर वर्षं झाली होती. सरदारांच्या वाड्यांत तिसरी-चौथी पिढी राहत होती. उत्पन्न आटलेलं, वाटण्या झालेल्या, भिंतींना पोक आलेलं आणि माळ्यावर मात्र आजोबा-पणजोबांच्या वस्तूंचा ढीग. त्या वस्तूंचं करायचं काय हे कुणालाच कळत नव्हतं. घरात रॉकेलचा कंदील आला, मग वीज आली, तशा पितळी समया नि लामणदिवे अडगळीत गेले. फाउंटन पेन आलं तशी दौत-लेखणी गेली. पुढे स्टेनलेस स्टीलचं युग आलं आणि तांब्या-पितळेची भांडी सरळ मोडीत निघाली. १९५७ मध्ये नवे पैसे आले, पाठोपाठ मेट्रिक वजनंमापं आली, आणि आणा-पै, शेर-पायली एका झटक्यात निरुपयोगी झाली. म्हणजे केळकर ज्या काळात जगले तो घरातली प्रत्येक वस्तू बदलण्याचा काळ होता. असा काळ एखाद्या समाजाच्या वाट्याला रोज येत नाही. लोक मोडीत देत होते आणि हा माणूस ते विकत घेत होता, एवढा साधा हिशोब.

पण हिशोब साधा असला तरी सोपा नव्हता. मोडीचं पितळ वजनावर जातं. त्यावर कोरलेला मोर, त्याच्या पिसाऱ्याची नक्षी, हे सगळं काट्यावर शून्य किलो भरतं. भट्टीत गेलं की तासाभरात लगदा. संग्राहकाला मोडीवाल्याच्या आधी तिथे पोचावं लागतं, आणि मोडीवाल्यापेक्षा चार पैसे जास्त द्यावे लागतात. चष्म्याच्या दुकानात असे किती पैसे सुटत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

इथे कमलाबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कमलाबाई म्हणजे केळकरांच्या पत्नी. या छंदात त्या पहिल्यापासून सामील होत्या. वस्तू निवडताना, जपताना, घासूनपुसून ठेवताना त्यांचा हात होता. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या अंगावरचे दागिनेही यात गेले असं पुण्यात सांगितलं जातं. विचार करा. घरात एकुलता एक मुलगा गेलेला. नवरा दर चार दिवसांनी एखादा गंजका अडकित्ता नाहीतर तुटका दरवाजा घेऊन घरी येतोय. राहत्या घरातली एकेक खोली वस्तूंना द्यायची, आपण सरकत सरकत कोपऱ्यात जायचं. हे वर्षभर नाही, आयुष्यभर. बाकी कुठल्याही घरात यावरून रोज महाभारत झालं असतं. मला तर असं वाटतं की संग्रहालयाच्या पाटीवर मुलाचं नाव आहे, वडिलांचं आहे, आईचं तेवढं राहून गेलं. नावातच बदल करा असं मी म्हणत नाही, पण तिथे जाणाऱ्याने हे तिसरं नाव लक्षात ठेवावं.

आता संग्रहात आहे काय? इथेच केळकर बाकीच्यांपेक्षा वेगळे ठरतात. हैदराबादचं सालारजंग म्युझियम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, नागपूरहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी हैदराबाद. तिथला मोठा संग्रह मीर युसूफ अली खान म्हणजे तिसऱ्या सालारजंगांनी जमवला. ते निजामाचे दिवाण होते, घराणं गडगंज. १९४९ मध्ये ते वारले आणि १९५१ मध्ये संग्रहालय लोकांसाठी उघडलं. युरोपातले पुतळे, घड्याळं, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत, सगळं राजेशाही. ते बघून माणूस दिपून जातो. केळकरांच्याकडे मात्र बघणारा दिपत नाही, ओळखीचं हसतो. कारण तिथे अडकित्ते आहेत. कुंकवाचे करंडे आहेत. पानाचे डबे, चुन्याच्या डब्या, शाईच्या दौती, कुलपं, हुक्के, खेळणी, वेणीफणीच्या पेट्या, तऱ्हेतऱ्हेचे दिवे, वाद्यं, दारं नि खिडक्या आहेत. पाय घासायच्या वज्रीसुद्धा आहेत! तुमच्या-माझ्या आजीच्या घरात होत्या त्याच वस्तू, फक्त शंभर-दोनशे वर्षं जुन्या. बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, आणि महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, दक्षिणेकडचे प्रांत, सगळीकडून आणलेल्या.

अडकित्त्याचंच घ्या. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर अडकित्ता म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. टेकू एका टोकाला, जोर दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सुपारी. फर्स्ट इयरला मेकॅनिक्समध्ये याचीच आकृती काढून आपण मार्क मिळवतो. काम काय, तर सुपारी फोडणे. त्याला दोन दांडे, एक बिजागरी आणि एक पातं एवढं पुरे. पण त्या काळच्या कारागिराला एवढ्याने समाधान नव्हतं. त्याने एका दांड्याची बाई केली, दुसऱ्याचा पुरुष केला. अडकित्ता मिटला की दोघं एकमेकांना बिलगतात. कुणी घोडा केला, कुणी पोपट केला. तरफेच्या गणितात याने काडीचा फरक पडत नाही. तरीही केलं. ही वस्तू रोज दहा वेळा हातात येणार आहे, तर ती हातात घ्यावीशी वाटली पाहिजे, असा काहीतरी त्याचा विचार असावा. आपल्या डिझाइनच्या पेपरात याला काय म्हणतात ते सर सांगतील, पण कारागिराने पेपर न देता ते केलं होतं.

वज्रीचंही तसंच. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची वस्तू. खालची बाजू खरखरीत, वर धरायला मूठ. संपली गोष्ट. पण मुठीच्या जागी पक्ष्याची जोडी बसवायची, आणि काहींच्या पोटात बारीक खडे ठेवायचे, म्हणजे घासताना घुंगरासारखा आवाज होतो. टाच घासताना संगीत! हसू येतं खरं, पण मला ही वस्तू फार आवडते.

आणि दिवे. पितळी दिवे ओतायची जुनी पद्धत मेणाची. आधी मेणाचा दिवा घडवायचा, सगळी नक्षी मेणातच कोरायची. त्यावर बारीक मातीचे लेप द्यायचे, वाळवायचे, भाजायचे. मेण वितळून बाहेर पडतं आणि आत पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. थंड झाला की माती फोडायची. म्हणजे एका साच्यातून एकच दिवा. दुसरा हवा तर पुन्हा मेणापासून सुरुवात. म्हणून असे दोन दिवे हुबेहूब सारखे मिळत नाहीत. आज विमानाच्या इंजिनातली टर्बाइनची पाती याच तत्त्वावर ओततात, इन्व्हेस्टमेंट कास्टिंग या नावाने आपण ते शिकतो. वायवामध्ये उदाहरण विचारलं तर बिनधास्त आजीच्या लामणदिव्याचं द्या. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जोगेश्वरीला सापडलेला साखळीचा एक दिवा आहे. त्यात हत्तीच्या पोटात तेल साठवायची सोय आहे, आणि खालच्या पणतीतलं तेल कमी झालं की वरून आपोआप उतरतं, पातळी भरली की थांबतं. सेन्सर नाही, व्हॉल्व्ह नाही. हजार वर्षांपूर्वीचं लेव्हल कंट्रोल! कंट्रोल सिस्टिम्सच्या पुस्तकात वॅटचा गव्हर्नर असतो, हा हत्ती का नसतो कोण जाणे.

केळकरांनी मोठ्या वस्तूही सोडल्या नाहीत. कोरीव दारं, खिडक्या, खांब त्यांनी उचलून आणले. बाजीराव पेशव्याने मस्तानीसाठी कोथरूडला महाल बांधला होता, त्याचे उरलेसुरले अवशेष आणून त्यांनी संग्रहालयातच एका दालनात 'मस्तानी महाल' उभा केला. यावर दोन मतं होऊ शकतात. वस्तू तिच्या जागेवरून उचलली की तिचं निम्मं आयुष्य संपतं, असं म्हणणारे लोक आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही. वाड्याचं दार वाड्यालाच शोभतं. त्यातून कोण आत आलं, कुणाची वरात निघाली, हे सगळं त्या उंबऱ्याशी बांधलेलं असतं. संग्रहालयात ते दार भिंतीला टेकून उभं राहतं, उघडत नाही नि मिटत नाही. पण दुसरी बाजू अशी की वाडाच पडणार असेल तर काय? १९६१ च्या पानशेतच्या पुरात पुण्यातले नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात गेले. उरलेल्यांच्या जागी पुढे बिल्डिंगा आल्या. दारं गेली ती सरपणाला किंवा लाकडाच्या वखारीत. केळकरांनी आणली तेवढी राहिली. मला तरी हा वाद तिथेच संपतो असं वाटतं.

मुलाच्या मृत्यूबद्दल फार लिहू नये. पण एक गोष्ट मनात येते. सात वर्षांच्या मुलाच्या मागे काय राहतं? चार कपडे, पाटी, एखादं खेळणं. तीही वस्तूच. ज्याने पोटच्या पोराच्या वस्तू आवरल्या असतील, त्याला दुसऱ्यांच्या घरातली टाकून दिलेली खेळणी नुसती अडगळ वाटली नसणार. हा माझा अंदाज आहे, पण संग्रहातली लाकडी-पितळी खेळणी बघताना तो मनातून जात नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. हे वाक्य चटकन लिहून होतं, म्हणून जरा थांबून बघा. तोवर संग्रहाची किंमत लाखोंच्या घरात गेलेली होती. परदेशी खरेदीदारांना अशा वस्तूंची भूक होती. चारपाच दिवे विकले असते तरी चष्म्याच्या दुकानापेक्षा जास्त कमाई झाली असती. जमवणाऱ्या माणसाची एक खोड असते, त्याला सोडवत नाही. तिकिटं जमवणारा मुलगा डबल तिकीटसुद्धा देताना दहादा विचार करतो. इथे या माणसाने वीस हजार वस्तू एका सहीनिशी लोकांच्या केल्या. पुणे विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, म्हणून नावाआधी डॉ. लागतं. आज संग्रहालयात एका वेळी साधारण अडीच हजार वस्तू मांडलेल्या असतात, बाकीच्या जागेअभावी आत. म्हणजे जे दिसतं ते आठव्या हिश्श्याएवढंच!

आता हे सगळं मी आपल्या मॅगझिनमध्ये का लिहितोय? मी भिवापूरचा. आमचं गाव लोकांना माहीत आहे ते मिरचीसाठी. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे, तेव्हा तिच्याबद्दल वेगळं सांगायला नको. पण जुन्या वस्तूंच्या बाबतीतही आमचा भाग काही कमी नाही. शेजारचं पवनी घ्या. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. बाजूच्या कुही तालुक्यात मांढळ आहे, जिथे वाकाटकांच्या काळातल्या मूर्ती नि ताम्रपट सापडले. तिथलंच अडम, तिथेही जुनं नगर निघालं. भंडारा तर पितळेच्या भांड्यांसाठीच प्रसिद्ध. म्हणजे पायाखाली दोन हजार वर्षं आणि माळ्यावर दोनशे वर्षं असा आमचा मामला आहे. पण दिवाळीची साफसफाई निघाली की पितळी घंगाळं, गुंड, पायल्या सरळ मोडीत जातात आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा येतो. गावोगाव हेच चाललंय. १९२० च्या पुण्यात जे चाललं होतं, ते आपल्या तालुक्यात आत्ता चालू आहे. फरक एवढाच की मोडीवाल्याच्या आधी पोचणारा कुणी नाही.

दुसरं उदाहरण रेल्वेचं. नागपूर-नागभीड नॅरो गेज आमच्या भिवापुरावरून जायची. २०१९ मध्ये ब्रॉड गेजसाठी ती बंद झाली. हलत-डुलत जाणारी ती छोटी गाडी म्हणजे आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्यांचं बालपण. नागपूरला मोतीबागेत नॅरो गेजचं संग्रहालय २००२ पासून आहे, तिथे इंजिनं नि डबे बघायला मिळतात. पण इंजिन जपणं रेल्वेचं काम. पुठ्ठ्याचं तिकीट, गार्डचा हिरवा-लाल कंदील, हमालाचा पितळी बिल्ला, स्टेशनच्या पाटीसमोर काढलेला लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो, हे सरकारी यादीत बसत नाही. ते कुणाच्यातरी पेटीत असतं आणि पेटीबरोबर जातं. हॉस्टेलच्या खोलीत दोन कॉट नि दोन टेबलं मावत नाहीत हे मला मान्य आहे. पण तिकिटं, जुनी पत्रं, लग्नपत्रिका, काडेपेटीचे छाप, स्लाइड रूल, ड्रॉइंगचे जुने पितळी कंपास यांना किती जागा लागते? आपल्याच कॉलेजमधल्या जुन्या सरांकडे विचारा, लॉगची पुस्तकं आणि स्लाइड रूल अजून कपाटात निघतील. कॅल्क्युलेटर येण्याआधी लोक पूल कसे बांधत होते ते त्या दोन पट्ट्यांवर कळतं.

हौस असेल त्यांनी कायद्याचं तेवढं लक्षात ठेवावं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे 'पुरावशेष' ठरते, हस्तलिखिताला ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशी वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि मूर्ती, चित्रं, हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. आणि जमिनीत सापडलेली वस्तू खिशात घालायची नाही. १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं काही पुरलेलं सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. पवनीकडच्या शेतात नांगराला नाणी लागली तर ती आपल्या अल्बमची नाहीत. केळकरांनी जमवलं ते घराघरांतलं, लोकांनी राजीखुशीने दिलेलं नाहीतर विकलेलं. जमिनीतल्या खजिन्याची गोष्टच वेगळी.

आणखी एक काम करता येतं, ज्याला पैसा लागत नाही. वस्तूबरोबर तिची माहिती लिहून ठेवणे. कुणाची होती, कुठून आणली, कशाला वापरत, तिला काय म्हणत. आमच्या आजीला धान्य मापायची सगळी मापं नावानिशी पाठ आहेत, कशात किती मावतं तेही. भांडं उद्या कुणी जपलंही, पण नाव आणि वापर आजीबरोबर जाईल. मी या सुट्टीत एक दोनशे पानी वही घेऊन बसलो. सतरा वस्तू झाल्या. आजीला आधी वाटलं पोराला परीक्षेत विचारणार आहेत, म्हणून तिने एकेकीची माहिती दोनदा सांगितली.

नागपूरकरांना पुण्याला जायला वेळ नसेल तर आपला अजब बंगला आहेच, १८६३ पासूनचा. पण पुण्याला गेलात तर नातूबागेत जा. तिकीट काढा, निवांत दोन तास ठेवा. खालून वर जाताना दिव्यांपाशी थांबा, अडकित्त्यांपाशी जास्त थांबा.